वल्हं कधी उचलायचं

४ नोव्हें. ६७
आज पुन्हा तेच. काठ आला तरी आबा वल्हवतच होते. मी नावेच्या टोकाशी. ओरडले, "आबा, वल्हं उचला!" धरणगावचे बाजारकरी हसले. "पोरगीच नावाडी व्हई गई!" आबाही हसले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, घरात कुणी बोलत नाही. मीही नाही. मला कळलंय हे त्यांना कळलंय का? देव जाणे.

७ नोव्हें.
वल्हं पाण्याबाहेर काढायचं आणि स्वस्थ बसायचं, नाव आपल्या वेगानं काठाला लागते. लवकर उचललं तर धार खाली ओढते, उशीर झाला तर दगड. गावात मात्र काहीही सोडलं, थांबलं की हेच म्हणतात. शाळा सोडली, वल्हं उचललं. म्हातारा गेला, वल्हं उचललं. मी वाद घातला की आईचं ठरलेलं, "उचल आते तुनं वल्हं!" आज लग्नावरून. धुळ्याचं स्थळ, मुलगा कापसाच्या जिनमध्ये फिटर. बरा वाटतो, हीच पंचाईत.

१२ नोव्हें.
मंडळी बघून गेली. त्यांना पलीकडे सोडायला मी कशाला, आई म्हणाली. आबा म्हणाले, "येऊ दे तिले." आईची ताकीद, मान खाली, तोंड बंद. बसले तशी. समोर मुलाची आई, मांडीवर नातू. दगड दिसायला लागले. आबा वल्हवतायत. शेवटी ओरडलेच. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.
घरी आईनं चांगली हजेरी घेतली. राग आला मला, रडूही.

१९ नोव्हें.
होकार! बाई म्हणे म्हणाल्या, पोरगी धीट शे. आनंद झाला, मग आनंदाची लाज वाटली. मी गेल्यावर? धुळ्यात ऑपरेशन होतं म्हणतात. पण आबांना विचारायचं तर आधी तुम्हाला दिसत नाही म्हणायला हवं. बाहेर सांगितलं तर आबांच्या हातची नाव जाईल, न सांगावं तर माणसं... डोकंच चालत नाही.

२० नोव्हें.
सकाळी आबा म्हणाले, "चाल." रिकामी नाव, आम्ही दोघंच. मधोमध आल्यावर, "आज तू बोलू नको."
म्हणजे ठाऊक होतं! सगळं!
"तू जाशी. माले शिकनं पडी."
पदर तोंडात कोंबला. ओरडू? नको? डोळे घट्ट मिटले. वल्ह्यावरून पाणी ठिबकलेलं ऐकलं. मग बराच वेळ काहीच नाही. नाव हलकेच टेकली.
"बरोबर?" आबा.
डोळे उघडले. धारेनं ओढलं होतं; घाट पार वर राहिला होता, आम्ही खाली गवतात. आबांचा चेहरा इतका खूश.
मी काहीतरी पुटपुटले. काय, ते आता आठवत नाही.
उद्या बाजार. नाव भरून येईल.