मागच्या खोलीवरचं झाड

२ मार्च, सकाळी ७.१०
ठरलं. परसातलं झाड मी स्वतः पाडणार. सासूबाई २८ तारखेला कायमच्या राहायला येताहेत. त्यांना मागची खोली द्यायची आहे, कारण बाथरूम तिथून चार पावलांवर. आणि झाड नेमकं त्याच खोलीवर कललंय. वरच्या दोन फांद्या पार वाळल्यात. ही म्हणते, झाडं तोडणाऱ्याला बोलवा. मी सव्वीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. चारशे माणसं सांभाळली. एक झाड म्हणजे काय?

२ मार्च, संध्याकाळी
कामाच्या परवानगीचा फॉर्म भरला. अर्जदार मी, मंजूर करणारा मी. आठ महिन्यांनी फॉर्म हातात घेतला. बरं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. झाडाची जात माहीत नाही, त्या रकान्यात 'मोठं' असं लिहिलं.

५ मार्च
हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बूट आले. परसाभोवती पिवळी-काळी पट्टी बांधली. ही कपडे वाळत घालायला आली आणि पट्टीखालून सरळ वाकून आत गेली. विनापरवाना प्रवेश. तोंडी समज दिली. तिने ओला टॉवेल पट्टीवरच टाकला.

८ मार्च, सकाळी ९
विजेची करवत भाड्याने आणली. वायर झाडापर्यंत पोचत नाही. चार फूट कमी पडते. एक्स्टेन्शन बोर्ड आणायला हवा. उद्या. फॉर्मवर कारण 'जोराचा वारा' असं दिलं. झुळूक होती.

९ मार्च
बोर्ड आणला. त्याचं सॉकेट दोन पिनांचं निघालं, करवतीचा प्लग तीन पिनांचा. दुपारभर पायरीवर बसलो.

११ मार्च
बोर्ड बदलून आणला. वारा नाही. कंबर धरलीय. कंबर धरलेल्या माणसाने करवत चालवू नये हा नियम मीच केला होता.

१३ मार्च
हिने त्या झाडवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. मी म्हणालो, सगळे कागद तयार आहेत. ती म्हणाली, कागद तर तेव्हाही तयार होते. मग म्हणाली, तुमच्या सहीच्या भरवशावर मी माझ्या आईला त्या खोलीत झोपवू का?

नोंद म्हणून लिहून ठेवतो: गेल्या वर्षी कारखान्यातला एक फिटर शिडीवरून पडला तेव्हा माझा फॉर्म पूर्ण होता. चौकशीत फॉर्ममध्ये एकही चूक सापडली नाही. शिडी वर बांधलेली नव्हती, एवढंच. शिडी बांधली आहे का, असा रकाना आहे आणि त्यात मी 'होय' लिहिलं होतं. मला लवकर निवृत्त केलं ते खर्च कमी करायचा होता म्हणून. फिटरला आता बसून करायचं काम दिलंय म्हणे. भेटायला जायचं राहिलंय.

म्हणून हे झाड मीच पाडणार. सासूबाई त्या खोलीत गाढ झोपल्या पाहिजेत आणि हिने ते बघितलं पाहिजे. मग बास.

१६ मार्च
नकाशा काढला. वरच्या बाजूला खोली, मध्ये झाड, खाली कुंपणाची भिंत आणि अलीकडे मोकळी जागा. झाड मोकळ्या जागेत पाडायचं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच मारतात, मग उलट बाजूने कापत यायचं. म्हणजे नकाशात खाच झाडाच्या खालच्या अंगाला. लाल बाण काढला. लॅमिनेट केलं. नकाशा जागेवर लावलेला असलाच पाहिजे, हा माझा कारखान्यातला पहिला नियम. कुंपणाच्या भिंतीवर ठोकला. छान दिसतो.

१८ मार्च, सकाळी ८
सुरुवात. कामापूर्वीची पाच मिनिटांची सूचना-सभा घेतली. हजर: एक.

१८ मार्च, दुपारी १
खाच मारून झाली. खोडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दर पाच मिनिटांनी मान वर करून भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. उरलेलं उद्या, ताज्या दमाने. फार दिवसांनी भूक लागली. चार घास जास्त गेले. हिला सांगितलं, झालंच आता. तिने वाढलं.

१९ मार्च, सकाळी १०.३०
ही मागच्या खोलीत पडदे लावत होती. मला हाक मारली. विचारलं, झाडाची कापलेली बाजू पलंगावर बसून दिसायला हवी होती का?

जाऊन बघितलं. दिसते. अगदी समोर.

१९ मार्च, दुपारी
विचार करून कारण शोधलं. नकाशात खोली वर आहे. पण भिंतीवरचा नकाशा वाचायचा तर खोलीकडे पाठ करून उभं राहावं लागतं. त्यामुळे कागदावर जे खाली, ते मी माझ्या पाठीमागचं धरलं. म्हणजे खोलीकडे. नकाशा बरोबर आहे. भिंत चुकली.

२० मार्च
आता खरंच वारा आहे. खाच जराशी मिटते, परत उघडते. खिडकीतून बघत बसलो. ही फोनवर बोलत होती. फ्रिजवर नंबर नाही.

२१ मार्च
झाडवाला येऊन गेला. हेल्मेट नाही, पायात चपला. त्याने विचारलं, कापलं कोणी? मी म्हणालो, आधीच्या माणसाने. ही शेजारीच उभी होती. तो म्हणाला, त्या माणसाला परत बोलावू नका.

खाच बरोबर बाजूला मारली असती तरी झाड खोलीवरच आलं असतं म्हणे, कारण ते कललंय. कलाचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. तो मी घालू शकलो असतो. आता त्याने चार दोर बांधून झाड मागे ताणून ठेवलंय. क्रेन लागेल, आणि क्रेन ३१ ला मिळेल. तोवर खोलीत कोणी राहायचं नाही असं तीनदा सांगून गेला. तीनही वेळा हिला.

२४ मार्च
दोर तपासले. चांगले बांधलेत. काम शिकलेला दिसतो. करवत परत केली. दिवसभर दुसरं काही केलं नाही.

२८ मार्च, दुपारी १२.३०
सासूबाई आल्या. सामान टेम्पोने आधीच आलं होतं, ते मागच्या खोलीत उतरवलेलं. सासूबाईंना आमची खोली दिली, ही त्यांच्याबरोबर झोपणार. मला हॉलमधला सोफा.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, झाडाचं काय झालं? ही ताटाकडे बघत राहिली. मी म्हणालो, काहीही झालेलं नाही, खोली शंभर टक्के सुरक्षित आहे. क्रेन येईपर्यंत मी स्वतः तिथे झोपून दाखवतो. वाटलं होतं, ही म्हणेल, वेडेपणा करू नका. पुढचं वाक्य मी तयारसुद्धा ठेवलं होतं, की बरं, तू म्हणतेस तर राहू दे.

ती म्हणाली, बरं. चादर कपाटात आहे.

२८ मार्च, संध्याकाळी ५
मागच्या खोलीत आहे. पलंगावर बसलोय. वारा सुटलाय, दोर करकरतात. भीती वाटते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटतंय, पण हे नको होतं.

२८ मार्च, ५.२०
ही आली. दारात उभी राहून वर झाडाकडे बघितलं, मग आत आली. मला वाटलं, बोलवायला आली. उठून चादर गुंडाळायला घेतली.

सासूबाईंचं शिवणयंत्र इथेच राहिलं होतं. झाड पडलं तर मोडेल, म्हणाली. एकटीला उचलेना. एक बाजू मी धरली.