यांनी बुजवलेला खड्डा

९ ऑगस्ट
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे, वाचणार मीच.
उजव्या मनगटात प्लेट टाकली. डॉ. म्हणाले, इतक्यात कात्री धरायची नाही. महालक्ष्म्या तोंडावर आणि शिलाईचं दुकान बंद. सकाळपासून बाया येतायत नि ब्लाऊजपीस परत नेतायत. "तुमचा हात बरा झाल्यावर बघू मंगलताई." बघतील कसल्या, दुसरीकडं टाकतील.
आठवतं ते एवढंच : नाल्याचं वळण, पाण्यानं भरलेला खड्डा, स्कुटीचं पुढचं चाक आत. मी हातावर पडले. समोर शबानाचं बांगड्यांचं दुकान. तीच पळत आली, तिनंच रिक्षात घालून लातूरला नेलं.

११ ऑगस्ट
पोलिसांचा कागद मिळाला. 'चालकाच्या स्वतःच्या हयगयीमुळे.' खड्ड्याचं नावसुद्धा नाही. लग्नाआधीपासून गाडी चालवते मी. चाकूरच्या रस्त्यांवर कुत्रं, म्हैस, वरात, सगळं चुकवलं.
आत्यांना (सासूबाईंना) आयतंच सापडलं. "बायामाणसाला गाडी पायजेच कशाला? आता कागदावर बी आलं."
दवाखान्याचा खर्च मिळाला पाहिजे, हे आहेच. पण त्याच्याआधी मला हे पाहिजे, की कुणीतरी सरकारी कागदावर लिहावं, ही बाई खड्ड्यामुळं पडली.

१३ ऑगस्ट
शबाना आली. "कोर्टानं सांगितलंय, खड्ड्यात पडणाऱ्याला भरपाई द्यावी लागती. अर्ज कर, मी साक्षीला हाय." तिनंच अर्ज लिहिला, मी डावा अंगठा दिला. सही येते मला, पण डाव्या हातानं जुळत नाही. लाज वाटली, संताप जास्त आला.
नगरपंचायतीचा कारकून म्हणाला, रस्त्याचे साहेब जागेवर येऊन पाहतील.

१४ ऑगस्ट
जेवताना यांना सांगितलं, मंगळवारी साहेब खड्डा पाहायला येणार. यांचा घास हातातच राहिला.
"तो... आम्ही बुजवला न."
मी लातूरला ऑपरेशनच्या टेबलावर, आणि इकडं आत्या म्हणाल्या, रक्त सांडलेली जागा उघडी ठेवू नये, त्याच घरातलं दुसरं माणूस मागती. लगेच नारळ, हळदकुंकू, ट्रॉलीभर मुरूम. गणपती मंडळाची पोरं फावडी घेऊन हजर. वर फोटो. खड्ड्याचा नव्हे, बुजवल्यावरचा. हे मधोमध, फावडं खांद्यावर, हसून राहिले.
"मला विचारलं का?"
"तू तर बेशुद्ध होतीस."
डाव्या हातानं वाटी फेकली. नेम चुकला. डावा हात कशाच्याच कामाचा नाही.

१८ ऑगस्ट
साहेब आले. चप्पल भिजू नये म्हणून गाडीतच बसून पाहणार होते, शबानानं उतरवलं.
"कुठाय खड्डा?"
मुरूम चोपून सपाट. बाजूला करवंटी, कुंकवाचा डाग.
"बाई, हा तुकडा तर बाकीच्या रस्त्यापेक्षा बरा हाय." आणि हसला मेला.
शबाना म्हणाली, "मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय." तर म्हणतो, "तुम्ही बांगड्या विका."
लिहून घेतलं : खड्डा आढळला नाही. हे मागं उभे होते. घसा खाकरला दोनदा. मला वाटलं आता बोलतील, मीच भरला म्हणतील. न्हाई.

१९ ऑगस्ट
अबोला.
आत्या : "तुझ्याच भल्यासाठी केलं माय." याचाच तर राग आहे. दुष्टपणानं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.
वेणी घालता येत नाही. यांनीच घातली. सैल, वाकडी. आत्या देवळात गेल्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं म्हणून बसले पुढ्यात.

२५ ऑगस्ट
पाऊस थांबेना. दुपारी शबानाचा फोन, "मंगल, तुझा खड्डा निघाला."
पडल्यापासून पहिल्यांदा हसले. जाऊन पाहिलं. मुरूम वाहून गेला, खड्डा आधीपेक्षा मोठा. कडेला जुनं डांबर पापडासारखं सुटलेलं. शबानानं फोटो काढले, साहेबाला पाठवले. उत्तर : फोटो कुठलाही असू शकतो, गुरुवारी जागेवर येतो.
तेवढ्यात शेजारचे दोघं घमेलं घेऊन आले. चांगली माणसं, दगडं टाकायला. हाकलून दिलं.
"मंगलताई, येडी झालीस का?"
हाव, झाले.

२७ ऑगस्ट
दुकानातली खुर्ची खड्ड्याजवळ नेऊन टाकली. कुणाचं तरी लाल अस्तर न्यायचं राहिलं होतं, ते काठीला बांधलं. सकाळी मी, दुपारी हे. न सांगता आले, बसले, गाड्यांना हात करून राहिले.
साहेब आले नाहीत. मीटिंग. आता सोमवारी.

२९ ऑगस्ट
हे चहाला गेले होते. मी खुर्चीवर. मागून दूधवाला आला, खुर्ची चुकवायला वळला आणि चाक आत. गुडघा फुटला. कॅन उलटले. खड्ड्यातलं पाणी पांढरं झालं.
"खुर्ची टाकून बघत बसली! बुजवाया काय झालं होतं?"
मी त्याला पाणी दिलं. आणि मग विचारलं, साक्ष द्याल का. तो जे बोलला ते इथं लिहीत नाही. आईवरून होतं.
घरी येऊन रडले. त्याच्या गुडघ्यासाठी की साक्ष गेली म्हणून, खरंच सांगता येत नाही. ती खुर्ची माझी होती.
आत्या म्हणाल्या, "जागा मागून राहिली. परत नारळ फोडावा लागंल."

३१ ऑगस्ट
साहेब नाही. फोनवर : "पुढच्या आठवड्यात, नक्की." म्हणजे महालक्ष्म्याही जातील अशाच.
लातूरच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट झालंय. पाणी भरलं की खड्डा दिसायचा नाही. मला तरी कुठं दिसला होता.
मघाशी हातगाडीचा आवाज आला. हे मुरूम घेऊन दारात उभे. घामानं शर्ट चिकटलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.
"साहेबाला सांगतो, पहिला बी मीच भरला होता म्हणून. लेखी देतो. पण आज काय करू? भरू का ठेवू?"
तेव्हा विचारलं नाही. आज विचारतायत.
शबानाची साक्ष चालली नाही, यांचं लेखी काय चालणार. भरला तर साहेब परत हसणार, आणि कागदावर कायमची मीच हयगयीची. ठेवला तर...
हे उंबऱ्याशी बसलेत, फावडं मांडीवर. पहिले थेंब पत्र्यावर वाजतायत. शाळा सुटायची वेळ झाली, पोरं नाल्याच्या वळणावरूनच येतात.