गोल चेहऱ्याचा सूड

५ जानेवारी
आज सळईने हद्द केली. आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात एकाच काउंटरवर. ती काडीसारखी बारीक, म्हणून सळई. (नाव मी ठेवलंय. तिला माहीत नाही.) गिऱ्हाइकाला म्हणते कशी, गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेमच शोभते, आमच्या ताईंकडे बघा ना! गिऱ्हाईक वाकून वाकून बघत होतं. सूड घेणार. तीन महिन्यांत बारीक होऊन.

६ जानेवारी
डॉक्टरबाईंकडे गेले. पीसीओएस (पाळीची कटकट) जुनंच, आता साखरही काठावर आलीय. म्हणाल्या, इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. घरात माझंही तेच होतं. रोज गोळी, जेवणानंतर चालणं, जेवण चुकवायचं नाही. तीन महिन्यांनी परत तपासणी. तो रिपोर्ट सळईच्या तोंडावर मारणार. तेव्हा काय बोलायचं तेही लिहून काढलं. दीड पान झालं.

८ जानेवारी
गोळीने पोट बिघडलं. गोळी बंद. स्वतःच्या हिमतीवर सूड घेण्यातच खरी मजा.

२० जानेवारी
दुपारचं जेवण सोडलं. सळईने विचारलं, का गं, जेवत नाहीस? मी नुसती हसले. जळू दे. चारला गरगरलं म्हणून बिस्किटं खाल्ली. पुडा लहान होता.

११ फेब्रुवारी
चालायला सुरुवात. नवरा म्हणाला, एवढ्यात आलीस पण? म्हटलं, वेग वाढलाय.

९ मार्च
ड्रेस दंडात घट्ट. हल्ली कापडात काही दम राहिला नाही. भाषण मात्र तीन पानांवर गेलंय.

६ एप्रिल, सकाळी अकरा
दवाखान्यात बाकावर सळई! मांडीवर फाइल. मी घसा खाकरला, तर बाई रडत होती. तिलाही पीसीओएस. साखर माझ्या जानेवारीतल्या साखरेहून जास्त. बारीक बायकांनाही होतं म्हणे. माझा हात घट्ट धरून म्हणाली, तू किती नेटाने करतेस सगळं, मी रोज बघते. तीन महिने जपलेला राग कुठे ठेवावा कळेना.

आधी मला आत बोलावलं. साखर वाढलीय. डॉक्टरबाई बरंच बोलल्या.

बाहेर आले. सळईने डोळे पुसत विचारलं, उतरली ना गं?

हो म्हटलं.

उद्यापासून ती माझ्या शेजारी बसून जेवणार आहे. मी काय काय खाते ते लिहून घ्यायला.