नुसत्या मोज्यांवरचा उमेदवार

बाबा, आपण परदेशातल्या या गावात आलो तेव्हा रस्ता आपल्या घराशीच संपायचा. पुढे जंगल. नळ गोठायचे, वीज गेली की तुम्ही स्वतः फोडलेली लाकडं पेटवायचात, आणि दुसरं मराठी घर तासाभराच्या ड्राइव्हवर. मग मागून माणसं येत गेली आणि तुम्ही सगळ्यांचे काका झालात. विमानं आदळून ते दोन टॉवर पडले त्याच्या पुढच्या वसंतात, आपल्यासारखी सावळी माणसं संशयाच्या नजरा चुकवत मान खाली घालून वावरत होती, तेव्हाच तुम्हाला गावाचा कारभार बघणाऱ्या पाच जणांच्या बोर्डासाठी उभं राहायची हुक्की आली.

मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा देऊन तुम्ही दारोदार निघालात. कुणी आत बोलावलं की तुम्ही पायरीवर वाकून लेस सोडायला लागायचात. घरमालक दार धरून थंडीत ताटकळतोय आणि उमेदवार बूट काढतोय. "बाबा, इथे शूज नाही काढत कुणी," मी दातओठ खात म्हणायचे. "कुणाच्या घरात शिरायचं तर पायताण बाहेर. त्यात इथलं-तिथलं काय?" एका म्हातारीच्या गालिच्यावर तुम्ही उभे आहात, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलाय, आणि तुमच्या त्या इंग्रजीत रस्त्यावर पाणी का तुंबतं ते समजावताय. तिने मला विचारलं, हे तुझे वडील का? मी म्हणाले, "नो, आय ॲम जस्ट अ व्हॉलंटिअर."

तुम्ही ऐकलंत. आणि पुन्हा पाण्याचंच बोलू लागलात. गाडीत बसल्यावर म्हणालात, "बरं केलंस. घरचंच माणूस प्रचार करतंय म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही." तुम्ही माझ्या खोट्यावर पांघरूण घातलंत, याची मला जास्त लाज वाटली. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी फटकूनच वागले.

तुम्ही निवडून आलात. सहा वर्षं कुत्र्यांचे पट्टे आणि बर्फ काढायचे ट्रक यांवरून भांडलात. तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. माफी मी कधीच मागितली नाही.

मागच्या महिन्यात गावाने सभागृहाला तुमचं नाव दिलं आणि मला बोलायला बोलावलं. मी सांगितलं, प्रत्येक दारात मी त्यांची मुलगी म्हणून शेजारी उभी होते. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी हात जोडून टाळ्या घेतल्या. आणि हे सगळं लिहिलंय तेही तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याची खात्री आहे म्हणूनच.