चालू झालेला कॉम्प्युटर मी बंद केला

आई, काल लखनौबाहेर, अमौसीच्या पुढच्या एका कारखान्यात मी चालू झालेला कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने बंद केला, आणि मालकांचा चेहरा बघून मला तू आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला रोजचं काही सांगायची सवयच मोडली आहे. पण हे तुझ्याच कामातलं आहे, म्हणून सांगते.

त्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांच्या स्प्रिंगा बनतात. प्रत्येक स्प्रिंग दाबून तपासणारं एक जुनं मशीन आहे, आणि ते चालवतो तुझ्या काळातला डेस्कटॉप, पिवळा पडलेला, लोखंडी पेटीचा. मशीनचं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. बटण दाबलं की कॉम्प्युटर मेमरी मोजायचा, 'कीबोर्ड एरर' दाखवायचा आणि तिथेच थांबायचा. आधीच्या मेकॅनिकने कीबोर्ड बदलून पाहिले, पॉवर सप्लाय बदलला आणि शेवटी भंगारात द्या म्हणून सांगितलं. चाचणीच्या रिपोर्टशिवाय माल बाहेर जात नाही, त्यामुळे तयार स्प्रिंगा भिंतीला लागून रचून ठेवल्या होत्या. मशीनवर काम करणारे भैया माझ्याच वयाचे, केस पांढरे झालेले. चहाचा ग्लास माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "मैडम, ये मशीन बंद हुई तो हम भी बंद ही समझिए."

मी नेहमीसारखी सुरुवात केली. आधी वीज बरोबर येते का ते मोजलं. मग सगळी कार्डं काढली, त्यांचे दात खोडरबराने घासले आणि एकेक कार्ड दाबून परत बसवलं. बटण दाबलं, तर कॉम्प्युटर न अडखळता पुढे गेला, मशीनचा प्रोग्रॅमही उघडला. मालक आनंदाने उठून उभे राहिले. म्हणाले, बस मैडम, चल गया, अब इसे हाथ मत लगाइए. आणि मी स्विच बंद केला.

तुला आपलं मानक नगरचं रेल्वेचं क्वार्टर आठवत असेल. ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर तू घरी आणलास आणि थेट स्वयंपाकघरात मांडलास, कारण अख्ख्या घरात खरं अर्थिंग असलेलं सॉकेट तेवढं एकच होतं. एका बाजूला कणकेचा डबा, दुसऱ्या बाजूला मॉनिटर. बाबा म्हणायचे, या घरात फोडणीचा वास कॉम्प्युटरलाही लागतो. एकदा तो सुरू होईना, नुसत्या लांब शिट्ट्या मारायचा. तू ऑफिसात होतीस. मी झाकण काढून मेमरीच्या चिपा इकडच्या तिकडे केल्या आणि तो सुरू झाला. संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी दारातच उभी. तू हात धुतलेस, ओट्याला पाठ टेकून पडद्याकडे बघितलंस. चेहऱ्यावर कौतुक नाही. वर्ध्याचं तुझं मराठी लखनौच्या इतक्या वर्षांत जराही बदललं नव्हतं.

"चालू झाला, ठीक. पण बंद काहून पडला होता?"

मी चिपा हलवल्या, एवढंच सांगितलं.

"मग दुरुस्त कुठं झाला? रुसवा गेला त्याचा, एवढंच. जसा होता तसा कर परत."

मी रडकुंडीला आले होते. तरी तू मला चिपा जुन्या जागी लावायला लावल्यास. शिट्ट्या परत सुरू झाल्या आणि तुला जणू बरं वाटलं. भाकरी थापता थापता तू एकेक प्रश्न विचारत होतीस आणि मी शोधत होते. शेवटी सापडलं. चिप चांगलीच होती, तिचे पाय काळे पडले होते. ते स्वच्छ केले आणि मग तो कॉम्प्युटर त्या कारणाने पुन्हा कधी अडला नाही. पुढे मी नोकरी सोडून आलमबागला दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा तू महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. पण दुकान उघडलं त्या दिवशी स्वतःचा मल्टिमीटर माझ्या टेबलावर ठेवून गेलीस.

तर काल मी स्विच बंद केला आणि परत सुरू केला. कीबोर्ड एरर. मालक पंख्याखालची खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसले. मला मात्र भीती वाटली नाही, आई. मी कार्डं दाबली तेव्हा बोर्ड किंचित वाकला होता, म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटून नुसतं टेकलेलं होतं. बोर्ड बाहेर काढून टॉर्च मारला. कोपऱ्यातली बॅटरी पाझरली होती आणि तिचा हिरवट-पांढरा थर कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पसरला होता. बॅटरी कापून टाकली. कँटीनमधून व्हिनेगर मागवलं, जुन्या टूथब्रशने थर घासून काढला, स्पिरिटने पुसून बोर्ड वाळवला. मग मल्टिमीटर लावून बोर्डावरची तांब्याची एकेक रेघ तपासली. एक रेघ मधोमध खाल्ली गेली होती. तिच्यावर केसासारखी तांब्याची तार सोल्डरने डाखली आणि नवी बॅटरी बोर्डापासून दूर, वायरवर बसवली. बॅटरी काढल्यामुळे आत कोणती हार्ड डिस्क आहे तेच कॉम्प्युटर विसरला होता. डिस्कच्या लेबलावरचे आकडे वाचून मी ते परत भरले.

मग मी मालकांना बोलावलं. त्यांच्यासमोर बोर्ड बोटाने दाबला, सोडला, कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तो सरळ पुढे गेला. काय बिघडलं होतं आणि का, हे सगळं मी त्यांना समजावलं, आणि त्यांनी मनापासून ऐकलं. भैयांनी पहिली स्प्रिंग मशीनखाली ठेवली. पडद्यावर रेघ चढत गेली तसे ते नुसते बघत राहिले आणि मग दुसरी स्प्रिंग आणायला वळले. आज सकाळी मालकांचा फोन आला, माल भरलेली पहिली गाडी निघाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते तुलाही कळतंय. आणि तुला विचारायचंही काही नव्हतं, काम चोख झालंय. पण काल सगळं हिंदीत समजावलं. घरी येऊन मुलीला मराठीत सांगायला बसले, तर ती प्रेमाने "अच्छा मम्मी, सही है" म्हणाली आणि उठून गेली. बाबाही गेल्यापासून या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणून लिहिलं. एकदा ते आपल्या भाषेत सांगून बघायचं होतं, एवढंच.