हार्टबाईंच्या टेबलावरची धूळ

मर्सी वेल्स, नेवाडा
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ती. मालिनी मावशीस परीक्षितचा शि. सा. न. वि. वि.

शेगडीवर चहाचं पाणी ठेवलं आहे, ते उकळेपर्यंत लिहितो आहे. इथे फोन लागत नाही. दर गुरुवारी नीना तिच्या ट्रकमधून पाणी, भाजी आणि टपाल घेऊन येते. तिच्याच हाती हे पत्र जाईल. नीना ही माझी बॉस. हे सगळं गाव ज्या ट्रस्टच्या ताब्यात आहे, त्याचं काम ती बघते. रविवारच्या मराठी शाळेत तू माझं शुद्धलेखन घोटून घेतलंस, ते वाळवंटात कामाला येईल असं आपल्या दोघांनाही वाटलं नसेल.

इथे चांदीची खाण होती. सहाशे माणसं होती, दोन खानावळी, एक शाळा, एक न्हावी. चांदी संपली तशी माणसं गेली. आता बावीस घरं उरली आहेत आणि मी. छप्पर उडालं तर बसवायचं, काच फुटली तर नवी लावायची, पण घराच्या आत कशालाही हात लावायचा नाही. धुळीलासुद्धा नाही. हार्ट कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पाच ताटल्या अजून टेबलावर मांडलेल्या आहेत. ते लोक १९११च्या सुमारास गेले. जेवून गेले की तसेच, कोणाला माहीत नाही. मी दारात उभा राहून पुष्कळ वेळ बघत राहतो.

नोव्हेंबरअखेरपर्यंत मी ट्रायलवर आहे. मग ट्रस्ट ठरवेल, कायम ठेवायचं की नाही. मी इकडे यायला निघण्यापूर्वी बाबांनी बॉथेलच्या घरून फोन केला होता. म्हणाले, कॉलेज अर्धं सोडलंस, आणि आता जिथे माणूसच नाही तिथे वॉचमन. पण ही नोकरी मला हवी आहे, मावशी. इथे मी सकाळी गजर न लावता उठतो.

दिवाळीला तू आणि काका याल का? पाणी उकळलं.

तुमचा लोभ इथल्या पत्त्यावरही पोचता राहावा.

तुझा
परीक्षित


सांता क्लारा
२२ ऑक्टोबर

चि. परीक्षित यास मावशीचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. एकही चूक सापडली नाही, त्यामुळे जरा निराशा झाली. तुझ्या काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि लगेच नकाशा उघडून बसले. आठ तासांचा ड्राइव्ह आहे. त्यांच्या पाठीचं कारण सांगून मी नको म्हणणार होते, पण खाण म्हटल्यावर त्यांची पाठ बरी झाली.

पाडव्याला येतो. चकल्या, चिवडा आणि थोडे अनारसे आणते. अनारसे बिघडले आहेत, पण तुझ्याशिवाय तिथे बघणार कोण? पणत्याही आणते. मंडळाच्या फराळाला जाणं या वर्षी कॅन्सल केलं; तिथल्या नैनाकाकू फार रागावल्या आहेत, रागावू देत.

तुझ्या आईशी बोलले. रेखाचं म्हणणं, तुझे बाबा तुझ्याबद्दल रोज विचारतात, फक्त तुला विचारत नाहीत. तेवढं लक्षात ठेव आणि वेळेवर जेव.

तू धुळीचं लिहिलंस ते वाचून हसू आलं. शंभर वर्षं केर काढला नाही असं घर आमच्या सासूबाईंनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, देव जाणे.

आशीर्वाद तर आहेतच, स्वेटरही पाठवला असता. पण घेऊनच येते.

तुझी
मालिनीमावशी


मर्सी वेल्स
रविवार, ३ नोव्हेंबर, दुपारचे बारा

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुमची गाडी उतारावर दिसेनाशी झाली आणि मी घरांची कुलपं तपासायला निघालो. हार्ट यांच्या उंबरठ्यावर रांगोळी होती. आत गेलो. टेबल पुसलेलं, जमीन झाडलेली, पाचही ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या, आणि खिडकीत विझलेली पणती.

काल संध्याकाळी मी काकांना खाणीत उतरायचा जुना पाळणा दाखवत होतो, तेव्हा किल्ल्या माझ्या खोलीत खिळ्यावर होत्या. मला सरप्राइज द्यावं म्हणून तू केलंस, हे मला कळतं. म्हणूनच तू जाताना काही बोलली नाहीस आणि हसत होतीस. मी रागावलेलो नाही.

खरं सांगतो, आधी मी धूळ परत घालायचा प्रयत्न केला. अंगणातली माती चहाच्या गाळणीने चाळून टेबलावर भुरभुरवली. पोळ्या लाटायला पीठ पसरल्यासारखं दिसायला लागलं. ती पुन्हा पुसली. म्हणजे मीही आता हात लावला.

नीनाकडे प्रत्येक खोलीचे फोटो आहेत, पण ती गुरुवारी आत जाईलच असं नाही. हिवाळ्यात इथे कोणी येत नाही. वाऱ्याने मार्चपर्यंत थोडी धूळ बसेलही. चार दिवस हेच डोक्यात राहणार.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. नीनाला सांगितलं. ती ट्रकमधून उतरण्याआधीच सांगितलं, नाहीतर माझ्याने झालं नसतं. ती थेट स्वयंपाकघरात गेली. मग फोटो काढले आणि त्या घराची किल्ली माझ्या जुडग्यातून काढून घेतली. ट्रस्टची मीटिंग एकोणीस तारखेला आहे, तिथे ठरेल एवढंच म्हणाली. भाजी उतरवून दिली, पण चहाला थांबली नाही.

लोभ कमी करू नकोस. मी तुझ्यावरचा कमी केलेला नाही.

तुझा
परीक्षित


सांता क्लारा
१३ नोव्हेंबर

चि. परीक्षित यास अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तू लिहिलं होतंस, धुळीलासुद्धा हात लावायचा नाही. मी वाचलं होतं. पण मला वाटलं, नियम येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असतात. मी तर तुझी मावशी. परक्या घरी गेलं तरी आपण आपलं ताट उचलतो, तसंच मी केलं. आता कळतं की तिथे मीच परकी होते.

ऐन दिवाळीत त्या बाईचं घर तसं अंधारात आहे, हे मला बघवेना. ताटल्या धुताना वाटत होतं की ती कुठेतरी असेल तर तिला बरं वाटेल. एकीच्या कडेचा टवका गेला होता आणि तीच ताटली चुलीकडच्या बाजूला मांडली होती. फुटकी ताटली कोण घेतं, हे मला कोणी सांगायला नको. मी त्या बाईशी थोडं बोललेही. हसू नकोस.

ट्रस्टला मी स्वतः पत्र लिहिलं आहे. काका म्हणाले, परीक्षितला माहीत नव्हतं एवढंच लिही, बाकीचं कशाला. मी सगळं लिहिलं, टवक्याचंसुद्धा. त्यांनी माझं इंग्रजी सुधारायला घेतलं, मी नको म्हटलं.

नोकरी गेली तर इथली तुझी खोली तशीच आहे. पण ती जाऊ नये म्हणून रोज गणपतीपुढे हात जोडते आहे.

तुझ्या बाबांना कळवलं. म्हणाले, कोणी बघितलं नव्हतं, तरी सांगितलं त्याने? दोनदा विचारलं.

तुझी अपराधी
मावशी


मर्सी वेल्स
गुरुवार, २१ नोव्हेंबर, दुपारचे तीन

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

नीना आत्ताच गेली. आज चहा घेतला, दोन कप.

मीटिंगमध्ये फार वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले की ज्याला एक घर सांभाळता येत नाही त्याला बावीस कशी द्यायची. नीनाला त्यांचं पटत होतं, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मग तिने तुझं पत्र वाचून दाखवलं. ट्रस्टकडे हार्ट यांच्या घराचे दोनशेहून जास्त फोटो आहेत, पण बाईंची जागा कोणती, हा प्रश्न कधी कोणाला पडला नव्हता. शेवटी एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, गेलेली धूळ तर परत येत नाही. पण गेली हे ज्याने आपणहून सांगितलं, त्याला काढून न सांगणारा कशाला आणायचा?

मला कायम केलं आहे, मावशी. मी हे वाक्य तीनदा वाचून बघितलं.

दोन अटी आहेत. यापुढे पाहुणे आले तर किल्ल्या माझ्या खिशात. आणि एप्रिलमध्ये लोकांसाठी गाव उघडतं, त्या दिवशी तू हार्ट यांच्या दारात उभं राहून त्या स्वयंपाकघराबद्दल सांगायचंस. पुसल्याचंही, टवक्याच्या ताटलीचंही. मराठीत सांगितलंस तरी चालेल, मी भाषांतर करेन. नीनाने घराची किल्ली परत दिली. ताटल्या आम्ही जुन्या फोटोवरून होत्या तशा मांडल्या, टवक्याची चुलीकडे.

बाबांचं कार्ड आलं आहे. तिथे झोपायला जागा असते का, एवढंच लिहिलं आहे. आहे, एप्रिलमध्ये या, असं कळवलं.

नीना म्हणाली, आधीची धूळ कधीपासूनची होती ते नक्की कोणालाच माहीत नव्हतं. या धुळीची पहिली तारीख मात्र आपल्याला माहीत आहे. आज दार उघडलं तेव्हा खिडकीतून ऊन टेबलावर तिरपं आलं होतं, त्यात ती दिसली. अगदी पातळ आहे. मी दारातूनच बघितली.

लोभ आहेच. एप्रिलमध्ये येताना फडकं मात्र घरी असावं, ही विनंती.

तुझा
परीक्षित