अडखळत वाच

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझा राग काही जात नाही. उलट वाढतोय. काल इथे जळगावात शेजारची पोरगी वही घेऊन आली, "काकू, प्रेझेंट परफेक्ट डोक्यात जात नाहीये" म्हणाली, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं. "काम कधीचं का झालेलं असेना, त्याचा परिणाम अजून घरात बसलेला असला की हॅव लावायचं. माय भाकरी करून उठली, पण भाकरी टोपल्यात आहे ना? मग हॅव." पोरगी खूश होऊन गेली आणि मी मात्र धुसफुसत बसले. काय सुरेख शिकवायचे हो तुम्ही! त्याचीच तर चीड येते. भिकार मास्तर असते तर मी केव्हाच विसरून गेले असते.

धुळ्याचं आपलं घर. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तुमच्या शिकवणीची पोरं, आत माय आणि मी. पोरांच्यात मुलीने बसायचं नाही हा तुमचा कायदा, म्हणून मी इंग्रजी शिकले ती भिंतीआडून, कणीक मळता मळता. एखादा पोरगा अडला की तुमची हाक यायची, "बाहेर ये गं, सांग याला." मी पिठाचे हात घेऊन दारात उभी राहते, वाक्य फोडते, मुख्य उपवाक्य कोणतं, गौण कोणतं, कोणत्या शब्दाने जोडलंय, सगळं घडाघडा सांगते. तुम्ही त्या पोराकडे बघून ओरडता, "बघ! चुलीपुढे बसून शिकली. तू काय झक मारतोस?" पोरगा खाली मान घालतो आणि मी आत जाते. माझ्याकडे तुम्ही बघतसुद्धा नाही. आणि दरवर्षीचा तो विनोद! "मुख्य वाक्य म्हणजे नवरा, एकटा उभा राहतो. गौण वाक्य म्हणजे बायको, एकटीला काही अर्थच नाही." पोरं खिदळायची. माय आत ऐकायची. नाना, तुम्हाला स्वतःचा चहा करून घेता येत नव्हता. अंघोळीचं पाणी काढून दिल्याशिवाय तुम्ही हलायचे नाही. कोण कुणाला टेकून उभं होतं हो?

बारावीला मी इंग्रजीत कॉलेजात पहिली आले. "पहिला वर्ग आण, बी.ए.ला इंग्रजी घे, मग बी.एड. कर, माझ्याच शाळेत लावतो तुला," हे तुमचे शब्द. मी आणला पहिला वर्ग. तुम्ही शाळेत पेढे वाटले आणि त्याच महिन्यात स्थळं बघायला लागले. पहिलं स्थळ निरोप पाठवून मोकळं झालं, "पोर जास्तीच शिकेल शे, आमले नको." तेव्हा तुम्ही धास्तावले. मग जामनेरचं स्थळ आलं, मुलगा जळगावच्या बाजार समितीत कारकून, बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला.

ती सकाळ मला लख्ख आठवते. मी पोह्यांसाठी कांदा चिरतेय, माय शेंगदाणे भाजतेय, आणि कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणारे तुम्ही आत येता. हळूच म्हणता, "ते वाचायला लावतील. अडखळत वाच. एक-दोन चुका कर."

मला वाटलं, थट्टा करताय. "मी? नाना, मी चुका करू?"

"शहाणपणा नको. त्याच्यापुढे फाडफाड वाचलंस तर उठून जातील."

"जाऊ द्या की मग! मला पुढे कॉलेजला जायचंय."

"तुझ्या पाठी दोघी बहिणी आहेत," तुम्ही म्हणाले आणि गेले. मायने शेंगदाणे करपू दिले.

मुलाच्या मामाने तुमच्याच फळीवरचं पुस्तक काढलं. "वाची दखाड, बेटा." धडा मला तोंडपाठ होता. चौथीतल्या पोरीसारखी एकेका शब्दाला ठेचकाळत मी तो वाचला. मग मामा म्हणाले, "आते इंग्रजीमा काही बोली दखाड." मी म्हटलं, "आय हॅव केम फ्रॉम कॉलेज." याच चुकीसाठी तुम्ही पोरांच्या बोटांवर उभी पट्टी मारायचे. मामाला काय कळतंय? "पोर हुशार शे, आन साधी बी शे," म्हणाले. सगळे हसले. झालं लग्न.

सोंग घेतलं की ते पुढे निभवावं लागतं. बँकेचं इंग्रजी पत्र आलं की आमचे हे डिक्शनरी घेऊन घाम पुसत बसायचे आणि मी चहा ठेवून निघून जायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आमची पोरगी सहावीत गेली, हे तिला चुकीचं शिकवत होते, आणि एक दिवस राहवलं नाही. आतून ओरडले, "अहो, चूक आहे ते!" हे दारात आले. "तुला येतं?" मी सगळं सांगून टाकलं, आता कानफटात बसते असं धरूनच. हे पाटावर येऊन बसले. म्हणाले, "अगं, मीच मामाला म्हटलं होतं, मास्तरांची पोरगी बघू, घरात इंग्रजी येणारं माणूस पाहिजे. तू अडखळलीस तेव्हा मन खट्टू झालं होतं माझं. कॉलेजला पाठवलं असतं की मी."

ऐकताय ना, नाना? त्या मुलाला नुसतं विचारायचं होतं. जावई म्हणून निवडला आणि एका शब्दाने विचारलं नाही, ना त्याला, ना मला! माझं बी.ए. मातीत घातलं ते कशापायी, तर तुमच्या मनातल्या भीतीपायी. तशीच धुळ्याची गाडी पकडून तुमच्याशी भांडायला यावं असं वाटलं. पण तुम्ही त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. भांडायला माणूस तरी पाहिजे ना समोर!

हे कुठे पाठवणार मी? लिहून झालं की गादीखाली सरकवणार. पण एक गोष्ट मी यांनाही सांगितली नाही, मायलाही नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी ती चूक केली आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवली. शाबास म्हणतात ना, तशी. इतकी वर्षं त्या दारात उभी राहून बरोबर उत्तरं दिली, तेव्हा एकदाही हलवली नव्हती. आणि नाना, मला बरं वाटलं हो.